गुंचोचं शोकपत्रक

गुंचो आमच्या गावात राहायला आला तेव्हा कुणाच्या फारसं लक्षात आलं नाही, कारण तो मुळात नव्हताच. त्याला झोर्नित्साने आणलं. झोर्नित्सा म्हणजे माझ्या शेजारच्या नायदेनची नात. वय वर्षं नऊ, आणि गोर्ना क्रूशा या आमच्या गावातलं एकमेव मूल. तिची आई स्पेनमध्ये, व्हॅलेन्सियाला, कुणा दुसऱ्याच्या म्हाताऱ्या आईला सांभाळते. वडील कुठे असतात आणि कुणाला सांभाळतात, हे नायदेन सांगत नाही आणि आम्ही विचारत नाही. गावातली शाळा केव्हाच बंद पडली. तिच्या छपरावर आता करकोचे राहतात आणि पटसंख्या त्यांचीच काय ती वाढते. झोर्नित्साला सकाळी एक गाडी तालुक्याच्या शाळेत नेते, दुपारी आणून सोडते. मग अंधार पडेपर्यंत तिला आमच्यासारखी माणसं भेटतात, ज्यांना खेळायला बोलावलं तर आधी गुडघ्यांची परवानगी घ्यावी लागते.

अशा परिस्थितीत गुंचो आला. आठ वर्षांचा, पुढचे दोन दात पडलेला, खिशात सूर्यफुलाच्या बिया, आणि बदकांना भयंकर घाबरणारा. राहायला त्सान्कोंच्या घरात. त्सान्को मंडळी कुलूप लावून कॅनडाला गेली त्याला बरीच वर्षं झाली, त्यामुळे त्यांची काही हरकत असण्याचा प्रश्न नव्हता.

गावाने गुंचोला ठेवून घेतलं, आणि त्यात गावाचाही स्वार्थ होता. ज्या गावात मूल नाही तिथे ओरडायचं कुणावर? त्रेन्दाफिला आजी माझ्यापेक्षा वयाने मोठी आहे आणि आवाजाने तर गावात सगळ्यांपेक्षा मोठी. तिची नातवंडं शिकागोत. त्यांच्यावर फोनवरून ओरडता येत नाही, ती फोन बंद करतात. झोर्नित्सा ओरडून घेण्याइतकी वाईट वागायची नाही. गुंचोने ती अडचण दूर केली.

"ए झोर्नित्सा," आजी कुंपणावरून हाक मारायची, "त्या तुझ्या बोंबल्या मित्राला सांग, माझ्या जर्दाळूवर पुन्हा चढला तर तंगडं मोडून हातात देईन!"

"तो म्हणतो, तो चढलाच नाही, आजी."

"खोटारडा मेला! फांदी काय मी मोडली?"

फांदी वाऱ्याने मोडलेली असायची. पण वाऱ्याला शिव्या देऊन समाधान होत नाही. शिव्या देऊन झाल्या की आजी कुंपणावरून दोन जर्दाळू द्यायची, एक नाही. नायदेनसुद्धा, जो माणूस दिवसाला चार शब्द बोलतो, तो संध्याकाळी दारात उभा राहून म्हणायचा, "झोर्नित्सा, चल घरी. त्यालाही जाऊ दे." म्हणजे त्यातले दोन-तीन शब्द तो गुंचोवर खर्च करायचा. नायदेनकडून याहून मोठं प्रेम मी त्याच्या बायकोलाही मिळालेलं पाहिलं नव्हतं.

जूनमध्ये शाळेला सुट्टी लागली, आणि त्याच आठवड्यात राजधानीतून, सोफियाहून, सिनेमावाले आले. सगळे मिळून एका गाडीत मावले. त्यांना ओसाड गाव हवं होतं. आम्ही दहा-बारा माणसं त्या ओसाडपणात जरा व्यत्यय आणत होतो, पण त्यांनी चालवून घेतलं.

त्यांचा दिग्दर्शक देयान. तिशीचा, उन्हाळ्यातही काळे कपडे, आणि कान असे की टोपीला दोन्ही बाजूंनी आधार. मुलगा मनाने चांगला होता. मी अंगणात बोलावून राकिया, म्हणजे आमची घरगुती प्लमची दारू, दिली, तर पहिल्या घोटाला डोळ्यांत पाणी आलं तरी त्याने ग्लास खाली ठेवला नाही.

"गोष्ट काय आहे सिनेमाची?" मी विचारलं.

"एक एकटी मुलगी, काका. आणि तिचा एक मित्र, जो फक्त तिलाच दिसतो."

"मग?"

"मग शेवटी कळतं की तो मेलेला आहे."

मी सोफियात चाळीस वर्षं एका विनोदी साप्ताहिकात काढली, तेव्हा असे बरेच सिनेमे मला फुकट दाखवले गेले. त्यांत मूल कधी हसत नाही, भिंतीकडे बघतं. रिकामा झोका करकरतो. आणि मुलाचा तो अदृश्य मित्र शेवटी एक तर मेलेला निघतो, नाहीतर मुलालाच मारतो. तिसरी शक्यता अशी की तो नुसताच मित्र असतो. पण तशा सिनेमाला महोत्सवात कोणी घेत नाही.

"एखादा विनोद वगैरे?" मी विचारलं.

"एक आहे. पण तो कापणार आहे," देयान म्हणाला.

मुलीच्या कामासाठी निवड करणं सोपं होतं, कारण गावात मुलगी एकच होती. नायदेनने व्हॅलेन्सियाला फोन लावला. झोर्नित्साच्या आईने पडद्यावर तोंड आणून विचारलं, "तिला आवडेल का?" नायदेन म्हणाला, "आवडेल." निकाल लागला.

झोर्नित्साला खरंच आवडलं. दिवसभर सहा माणसं तिच्याकडे बघत होती. कॅमेरावाला तिच्यासाठी ऊन हलायची वाट बघायचा. कालिना नावाची मुलगी कपडे आणि सामानसुमान बघायची, ती हिच्या वेण्या घालायची. एका दुपारी लिंडेनच्या झाडाखाली देयानने तिला विचारलं, "तुला कधी असा कोणी मित्र होता का गं?"

"होता कशाला? आहे," झोर्नित्सा म्हणाली. "गुंचो. आत्ता तो तुमच्या गाडीत बसलाय. त्याला स्टिअरिंग फिरवायचंय, पण मी नाही म्हणाले."

देयान उठून उभाच राहिला. त्याने पटकथेत मित्राचं जे नाव घातलं होतं ते कुठल्याशा जर्मन मुलाचं होतं. त्या दिवसापासून ते खोडून गुंचो झालं. पडलेले दात, बिया, बदकं, सगळं त्याने तिच्याकडून घेतलं. ती आनंदाने देत होती. गुंचोबद्दल इतकं बारकाईने तिला कोणी कधी विचारलंच नव्हतं. फक्त शेवट काय आहे, ते तिला कोणी सांगितलं नाही. मी देयानला छेडलं तेव्हा तो म्हणाला, "तिला कळलं तर ती नाटक करेल, काका. मला तिचा खरा चेहरा हवाय."

मला वाटलं, सिनेमा आहे, होईल आणि जाईल.

आता आमच्याकडे कोणी गेलं की शोकपत्रक लावतात. वर क्रूस, खाली फोटो, नाव, वय, आणि "अपार दुःखाने कळवतो की". हे पत्रक घराच्या दारावर, बसथांब्यावर, झाडावर, जागा मिळेल तिथे चिकटवतात. चाळीस दिवसांनी नवं, वर्षाने पुन्हा नवं. माणूस जितका जिवंतपणी दिसला नसेल तितका नंतर दिसत राहतो. सोफियातसुद्धा लोक बस चुकवतात पण पत्रक वाचतात. वर्तमानपत्रात छापलेल्या कशावरही आमचा विश्वास नाही, हे सांगायचा मला अधिकार आहे. पण शोकपत्रकावर अविश्वास दाखवलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही.

सिनेमाचा शेवट त्यावरच होता. मुलगी बसथांब्यापाशी येते, पत्रक दिसतं, आणि आपला मित्र कधीच मेलाय हे तिला कळतं. कालिनाने तालुक्याहून पत्रकं छापून आणली. फोटो कुणाचा लावायचा हा प्रश्न आला, तेव्हा देयानने स्वतःचा लहानपणचा दिला. आदल्या संध्याकाळी कालिनाने ती सगळीकडे नीट चिकटवली. तिचं कामच असं नीटनेटकं, की तिने एक त्सान्कोंच्या दारावरही लावलं, जे कॅमेऱ्यात दिसणारच नव्हतं.

त्रेन्दाफिला आजी पहाटे उठते. सकाळी देयान आणि कॅमेरावाला बसथांब्यामागच्या झुडपात दबा धरून बसेपर्यंत तिने पत्रक वाचलं होतं, घरोघर कळवलं होतं, गहू उकडून त्यात साखर-अक्रोड घातले होते, आणि काळा रुमाल बांधून, चार बायका मागे घेऊन ती नायदेनच्या फाटकात उभी होती. मी गडबड ऐकून बाहेर आलो.

"गेलं रे लेकरू, स्पास," ती मला म्हणाली. "आणि मी त्याला खोटारडा मेला म्हणाले!"

"कोण गेलं?"

"गुंचो!"

"अगं, गुंचो म्हणजे झोर्नित्साचा... तो तर..."

"मलाही तेच वाटायचं! वाटायचं, पोरीच्या मनाचे खेळ. म्हणून तर वाट्टेल ते बोलत होते. पण फोटो आहे, स्पास! फोटो! त्सान्कोंचाच नातू असणार. कॅनडातून आणून ठेवला असेल गुपचूप, आणि गावात कुणाला पत्ता नाही. एकटंच राहिलं असेल ते त्या घरात." तिने रुमालाच्या टोकाने डोळे पुसले. "तंगडं मोडीन म्हणाले मी. त्याच्या तोंडावर."

तो नव्हता असं वाटत होतं तोवर ती त्याला जर्दाळू देत होती. तो गेला आणि आता तो होता, याबद्दल तिची खात्री पटली. हिच्याशी वाद कसा घालायचा, या विचारात मी असताना झोर्नित्सा बाहेर आली. वेण्या घातलेल्या, सिनेमाचा निळा फ्रॉक घातलेला. तिने काळे रुमाल बघितले, गव्हाचं पातेलं बघितलं. आमच्याकडच्या मुलांना त्याचा अर्थ सांगावा लागत नाही.

"कोण गेलं?"

आजीने तिला पोटाशी धरलं. "तुझा गुंचो गं, राणी."

झोर्नित्सा रडली नाही. आजीच्या हातांतून सुटून ती सरळ बसथांब्याकडे चालू लागली. मागे आम्ही, मागे पातेलं. झुडपातून कॅमेरा चालू होता. तिने पत्रक वरपासून खालपर्यंत मोठ्याने वाचलं, शाळेत धडा वाचतात तसं. मग फोटोकडे बघितलं.

"हा गुंचो नाही," ती म्हणाली. "गुंचोचे कान असे नाहीत."

देयान झुडपातून बाहेर आला. येताना त्याला काटे लागले होते. आजीने त्याच्याकडे बघितलं, फोटोकडे बघितलं, पुन्हा त्याच्याकडे.

"ए मुला. इकडे वळ. बाजूने." तो वळला. "या मेलेल्याचे आणि तुझे कान एकच आहेत."

"तो मीच आहे, आजी."

"तू? मग मेलास कधी?"

"मेलो नाही, आजी. सिनेमासाठी छापलंय ते. शेवटच्या प्रसंगासाठी."

आजीच्या तोंडून शब्द फुटला नाही. हा प्रसंग गावाने प्रथमच पाहिला. झोर्नित्सा मात्र देयानसमोर जाऊन उभी राहिली.

"देयानदादा, मला का नाही सांगितलंस?"

देयानने खाली बघितलं. "तू खरोखरची रडावीस म्हणून."

मग थांब्यावरचं पत्रक तिने सोलून काढलं, अगदी सावकाश, फोटो फाटू न देता, आणि त्याच्या हातात दिलं. "हे तुझं आहे. ठेव," म्हणाली, आणि घरी गेली.

तेवढ्यात आजीचा आवाज परत आला. त्यातलं सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. सोफियाच्या शिक्षणापासून सुरुवात करून ती देयानच्या आजोबांपर्यंत पोचली. शेवटी तिने पातेल्यातले गहू चमच्याने त्याच्या तळहातावर घातले. मेलेल्यासाठी उकडलेले गहू घरी परत नेत नाहीत, कुणाच्या तरी नावाने खावेच लागतात. "खा," ती म्हणाली. "फोटो तुझा आहे." देयानने तिथेच उभं राहून स्वतःच्या नावाने गहू खाल्ले. कालिना रडत रडत गावभरची पत्रकं काढत फिरली.

मला वाटलं, प्रकरण मिटलं. पण गुंचो आला नाही.

त्या दिवशी आला नाही, दुसऱ्या दिवशी नाही. झोर्नित्सा दुपारपासून आमच्या दगडी कुंपणावर बसायची, तोंड त्सान्कोंच्या घराकडे. आजी मुद्दाम जवळून जाऊन ओरडून बघायची, "कुठाय तो जर्दाळूचोर?" झोर्नित्सा म्हणायची, "माहीत नाही, आजी," आणि आजी दोन्ही जर्दाळू हातात घेऊन तशीच उभी राहायची. सिनेमाचं कामही ठप्प. झोर्नित्सा फ्रॉक घालायची, सांगतील तिथे उभी राहायची, पण कॅमेऱ्यात बघितलं की कोणीच दिसत नव्हतं, असं देयान म्हणाला. आता त्याला ती हसायला हवी होती. तो माझ्या अंगणात येऊन बसला.

"काका, मी शेवट बदलतो. मित्र जिवंत राहतो. तिला सांगा ना तुम्ही."

"तूच सांग."

"सांगितलं. म्हणाली, ते तुझ्या हातात नाही."

मग मी कुंपणापाशी गेलो. वर चढणं माझ्या गुडघ्यांना मंजूर नव्हतं, म्हणून टेकून उभा राहिलो.

"तो मेला नाहीये, हे तुला माहीत आहे ना?"

"हो, स्पासआजोबा. मेला कुठे? घरीच आहे."

"मग येत का नाही?"

"त्याची आई सोडत नाही."

इतक्या महिन्यांत गुंचोला आई असल्याचं आम्ही कुणी ऐकलं नव्हतं. देयाननेही बदकांपर्यंत सगळं विचारलं, पण हे विचारलं नव्हतं.

"त्याला आई आहे?"

"आहे ना. ती रोज घरीच असते." झोर्नित्सा पाय हलवत होती. "ती कुठे जातच नाही. तिने दारावरचं पत्रक वाचलं. आपल्या मुलाचं नाव, वय, सगळं. ती घाबरली. आता त्याला मांडीवर घेऊन बसलीय आणि सोडतच नाही." तिचे पाय हलायचे थांबले. "मी पण नसतं सोडलं."

मी म्हणालो, "बरं," आणि त्रेन्दाफिला आजीकडे गेलो. ती बदकांना दाणे घालत होती. सगळं सांगितलं. मला वाटलं, हसेल.

"मग?" ती म्हणाली. "जिवंत मुलाचं शोकपत्रक आईच्या दारावर लावलं गावाने. आणि अजून कोणी माफी मागायला गेलं नाही?"

"अगं, पण..."

"आंघोळ कर. स्वच्छ सदरा घाल. त्या कानवाल्यालाही सांग दाढी करायला. मी बानित्सा करते."

ऊन उतरल्यावर आम्ही निघालो. पुढे आजी, तिच्या मागे बायका, या वेळी रुमाल रंगीत. देयान दाढी करून, पांढऱ्या सदऱ्यात, हातात गरम बानित्साचं, म्हणजे चीज भरलेल्या पापुद्र्यांच्या रोटीचं, ताट. चीजचा वास सगळ्या रस्त्यावर. सदरा नायदेनचा होता, आणि देयान त्यात पहिल्यांदाच वयाने लहान दिसत होता. नायदेन टोपी हातात घेऊन चालत होता. झोर्नित्सा त्याचं बोट धरून. सिनेमाचा आवाजवाला सवयीने यंत्र घेऊन निघाला होता. आजीने नुसतं बघितलं, त्याने ते गाडीत ठेवलं.

त्सान्कोंच्या दाराला गंजलेलं कुलूप. पायऱ्यांवर गवत. आजीने दार वाजवलं, थोडं थांबली, आणि बोलायला लागली. आवाज असा, जो मी तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

"बाई, मी त्रेन्दाफिला. खालच्या अंगाला राहते, जर्दाळूवाली. तुझी-माझी ओळख नाही, चूक माझीच, शेजारी म्हणून आधीच यायला हवं होतं. तुझ्या मुलाबद्दल जे छापलं ते खोटं. आम्ही सगळे वेडे, आम्ही वाचलं आणि खरं मानलं. तुझ्या काळजाला काय झालं असेल ते मला कळतं गं, माझी पोरं लांब आहेत. मी त्याला बरंच बोलले. फांदी त्याने नाही मोडली, वाऱ्याने मोडली. मला माहीत होतं." तिने देयानला कोपराने ढोसलं. "बोल."

"बाई," देयान म्हणाला, "मी तुमच्या मुलाला मारलं. म्हणजे, कथेसाठी."

"नीट बोल!"

"मला माफ करा." तो दाराच्या फळ्यांकडे बघत होता. "मला विचारायला हवं होतं. मी तुम्हाला विचारलंच नाही. मला वाटलं, अशा मुलांना आई नसते."

नायदेनने खाकरून घसा साफ केला, पण शब्द वापरला नाही. झोर्नित्सा त्याचं बोट सोडून पायऱ्या चढली, दाराला कान लावला. खूप वेळ. आम्ही सगळे, सत्तरी-ऐंशीची माणसं, तिच्या चेहऱ्याकडे बघत उभे, निकालाच्या दिवशी शाळेत उभी राहतात तशी.

"काय म्हणते गं?" आजीने कुजबुजत विचारलं.

"म्हणते, तो झोपलाय. उद्या पाठवते."

आजीने छातीवर क्रूस काढला. "आणि बानित्सा?"

"उंबऱ्यावर ठेवा म्हणते."

"सांग, गरम आहे तोवर खायला."

देयानने ताट उंबऱ्यावर ठेवलं, हळू, आतल्याची झोप मोडेल म्हणून. मंडळी परत फिरली. बायका दबक्या आवाजात बोलत उतारावरून गेल्या, देयान त्यांच्या मागून, नायदेन सगळ्यांत शेवटी. झोर्नित्सा आली नाही. ती दाराला पाठ टेकून वरच्या पायरीवर बसली होती, डोकं मागे, फळीला लावून.

"चल गं," मी म्हणालो. "आजोबा वाट बघतील."

"तुम्ही व्हा पुढे, स्पासआजोबा. ती आत काम करतेय. भांडी लावतेय. मध्येच गुणगुणते. मला जरा ऐकू दे."

मी खालच्या पायरीवर बसलो. मला काही ऐकू आलं नाही, पण माझे कान आता पूर्वीसारखे राहिलेले नाहीत.